माशांच्या टाकीत पाणी कमी येतंय? पंप बदलायच्या आधी बादली आणि घड्याळ घ्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात परत सांगतो म्हणजे माझा काही गैरसमज झाला असेल तर तुम्हालाही कळेल. घर गुहागरच्या बाजूला, पाणी घरच्या विहिरीचं. माशांची चार फुटी टाकी तीन फुटी स्टँडवर, खाली कपाटात सम्प, म्हणजे टाकीतलं पाणी उतरून गाळलं जातं ती छोटी टाकी, त्या सम्पमध्ये ताशी ३००० लिटरचा पंप, खोक्यावर हेड, म्हणजे पाणी चढवायची उंची, तीन मीटर लिहिलंय. वर जाणारा पाइप बाथरूमच्या कामातून उरलेला अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लास्टिक पाइप), वाटेत पाच एल्बो (काटकोनी जोड) आणि एक एनआरव्ही (पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व). सुरुवातीला "बऱ्यापैकी" पाणी यायचं, आठ महिन्यांत धार करंगळीएवढी झाली, गेल्या आठवड्यात पंप उघडून घासलात तर पाणी वाढलं नाहीच, उलट खर्रर्र आवाज सुरू झाला. आणि आता विचारताय की ५००० लिटरचा पंप आणू का.

नका आणू. निदान ह्या रविवारपर्यंत तरी नका.

मी रत्नागिरीच्या आसपास टाक्या बसवायचं काम करतो, अठरा-एक वर्षं झाली. त्याआधी मामाबरोबर विहिरींवर मोटारी बसवायचो, माड-पोफळीच्या बागांना पाणी. मामा कुडाळचा, गिऱ्हाईक "मोटार गेली" म्हणून बोलवायला आलं की वाटेतच म्हणायचा, "मोटार बरी आसतली रे, पाणी खंय अडलां ता बघ." दहातल्या सात-आठ वेळा फुटव्हॉल्वमध्ये, म्हणजे विहिरीतल्या पाइपाच्या तळाच्या झडपेत, पाला नाहीतर पाइपला कुठेतरी हवा ओढतेय असंच निघायचं. टाकीचा पंप म्हणजे तीच मोटार, लहान झालेली. पण लोकांना पंप दिसतो आणि पाइपच्या आतलं दिसत नाही, म्हणून सगळा दोष पंपावर.

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन वेगवेगळी दुखणी एकत्र झालीत असं मला वाटतं. एक, पाणी पहिल्या दिवसापासूनच कमी होतं, फक्त तुम्ही मोजलं नव्हतं. दोन, ते हळूहळू आणखी कमी झालं. तीन, पंप घासल्यावर आवाज आला. पहिलं मांडणीचं, दुसरं तुंबण्याचं आणि तिसरं हाताचं. पाणी कधीपासून आणि कसं कमी झालं हे मी प्रत्येकाला पहिलं विचारतो, कारण त्यावर पुढचं सगळं ठरतं. काल रात्री होतं आणि आज सकाळी नाही, असं असेल तर हवा अडकलीय, काहीतरी तुटलंय किंवा कोणीतरी व्हॉल्वला हात लावलाय. महिन्या-महिन्याने कमी होत गेलं तर चिकटा. आणि कधी नव्हतंच तर पाइप लहान.

आवाजाचं आधी बघू कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि बहुतेक तुमच्याच हातून झालंय, राग मानू नका, माझ्याही हातून झालेलं आहे. पंपाचं तोंड फिरवून काढलं की आत इम्पेलर, म्हणजे गोल मॅग्नेटवर बसवलेली छोटी पाती, आणि त्याच्या मधून आरपार जाणारी पांढरी सिरॅमिकची काडी. त्या काडीच्या दोन्ही टोकांना रबराचं एकेक टोपण असतं, काळं, वाटाण्याएवढं. आतल्या बाजूचं टोपण पंपाच्या तळाशी चिकटून राहतं, पुढचं मात्र इम्पेलर ओढताना निसटतं, आणि तुम्ही मोरीत घासत असाल तर ते सरळ जाळीतून खाली. मग काडीला एका टोकाला आधारच नाही, इम्पेलर हेलकावे खात फिरतो, भिंतीला घासतो, आवाज येतो आणि पाणीही कमी ढकलतो. मोरीची जाळी उचलून बघा, खरंच सांगतो, मला दोनदा तिथेच सापडलंय. नाही सापडलं तर इम्पेलरचा सेट वेगळा मिळतो, अख्ख्या पंपाची गरज नाही. ते टोपण परत बसवताना मॅग्नेट फुगलंय का, त्याला तांबडे डाग पडलेत का तेही बघा, कारण खाऱ्या हवेत नाहीतर समुद्राच्या पाण्यात मॅग्नेटचं वरचं कवच तडकलं की आतलं गंजतं आणि फुगून जाम होतं. काडी बोटांनी हलकेच वाकवून बघू नका, ती वाकत नाही, तुटते.

ह्याच पंपांची अजून एक गंमत. हे साधे एसी पंप सुरू होताना कुठल्याही बाजूला फिरू शकतात. लहान पंपांची पाती सरळ असतात त्यामुळे फरक पडत नाही, पण जरा मोठ्या पंपात पाती वळणदार असतात आणि उलटं फिरायला लागला तर अडवायला एक छोटं बोंड असतं. ते बोंड झिजलं की पंप कधी सुलटा चालतो कधी उलटा. लक्षण असं की बटण बंद-चालू केलं की कधी पाणी भरपूर, कधी अर्धं. असं होत असेल तर पाइप उघडत बसू नका, इम्पेलर बदला.

आता मोजणी. दहा लिटरची बादली घ्या, आणि ती खरंच दहा लिटरची आहे का ते लिटरच्या बाटलीने भरून बघा आणि मार्करने रेघ मारा, कारण बाजारातल्या बादल्यांवर छापलेलं लिटर काठापर्यंतचं असतं. ३६००० ला सेकंदांनी भागलं की ताशी लिटर. १५ सेकंदांत भरली तर २४००, पाऊण मिनिट लागलं तर ८००. मोबाईलवर स्टॉपवॉच असतंच.

हे तीन वेळा करायचं. पहिल्यांदा पंप काढून मोठ्या टबात ठेवा, पंपाच्या तोंडाला बसेल अशी जाड नळी हातभर लावा आणि टबाच्या काठावरून लगेच बादलीत सोडा. टबातलं पाणी पंपाच्या खाली जाऊ देऊ नका, कोरडा चालला तर तापतो. खोक्यावरच्या आकड्याच्या पाऊण भाग पाणी आलं तर पंप ठणठणीत आहे, विषय संपला. मग तीच नळी लांब करून टाकीच्या काठाच्या उंचीवर धरा आणि परत मोजा. तिसऱ्यांदा पंप सम्पमध्ये जोडून, तुमच्या नेहमीच्या पाइपातून, वर जिथून पाणी टाकीत पडतं तिथे बादली धरून मोजा. दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यातला जो फरक, तो तुमचा पाइप खातोय.

खोक्यावरच्या आकड्याबद्दल एक. ३००० लिटर म्हणजे शून्य उंचीला, आणि तीन मीटर हेड म्हणजे जिथे पाणी पोचतं पण एक थेंब बाहेर पडत नाही ती उंची. दोन्ही एकत्र कधीच मिळत नाहीत. खोक्यावर ६० हर्ट्झचे आकडे छापलेला पंप असेल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो सावकाश फिरतो, पाणी साधारण सहाव्या भागाने कमी आणि हेड तीस टक्क्यांनी कमी. उंची मोजताना लोक पंपापासून मोजतात तेही चूक, सम्पमधल्या पाण्याच्या वरच्या पातळीपासून पाणी बाहेर पडतं तिथपर्यंत मोजायची. तुमचं वर्णन धरलं तर ती सव्वा मीटरच्या आसपास असेल.

आता मुख्य मुद्दा, तो अर्ध्या इंचाचा सीपीव्हीसी. बांधकामातून उरलेला पाइप टाकून कोण देतो, मीही देत नाही. पण सीपीव्हीसीचं माप यूपीव्हीसी, म्हणजे थंड पाण्याच्या साध्या प्लास्टिक पाइपापेक्षा वेगळं असतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास १५.९ मिलिमीटर, भिंत वजा केली की आतलं भोक साडेबारा मिलिमीटरच्या आसपास उरतं. म्हणजे तर्जनीचं टोकही धड आत जात नाही. आणि पाइपात पाणी घासलं जाऊन जे हेड वाया जातं ते भोकाच्या पाचव्या घाताने बदलतं. भोक निम्मं झालं तर तेवढ्याच पाण्याला दुप्पट नाही, बत्तीसपट जोर लागतो. शाळेत हे गणित कोणी शिकवलं असतं तर माझे निम्मे फोन कमी झाले असते.

तुमच्या मांडणीचा मी कागदावर हिशोब केला, दोन मीटर पाइप, पाच एल्बो, एनआरव्ही, सव्वा मीटर उंची. पाइप अगदी स्वच्छ असला तरी ३००० च्या पंपातून ताशी सातशे लिटरच्या आसपास पाणी यावं. आता ह्याच पाइपावर तुम्ही ५००० चा पंप लावलात, हेड साडेतीन मीटर धरलं, तरी आकडा येतो सव्वाआठशेच्या आसपास. अहो सव्वाशे लिटरसाठी नवीन पंप! आणि पंप तोच ठेवून पाइप एक इंची यूपीव्हीसी केला, आतलं भोक पंचवीस-सव्वीस मिलिमीटर, तर अठराशे ते दोन हजार. हे अंदाजाचे आकडे आहेत, प्रत्येक पंपाचा चढ-उतार वेगळा असतो त्यामुळे शंभर-दोनशे इकडेतिकडे होईल, पण चित्र बदलणार नाही. विजेचंही बघा, ६० वॅटचा पंप चोवीस तास चालला की महिन्याला ४३ युनिट होतात, १०० वॅटचा चालला तर ७२, आणि वरून तो सम्पमधलं पाणीही तापवतो, मे महिन्यात आपल्याकडे तेवढंच बाकी असतं.

चिपळूणच्या एका घरी मी गेलो तेव्हा त्यांनी एकामागून एक तीन पंप घेतलेले होते, तिसरा एवढा मोठा की सम्पमध्ये तिरका करून बसवला होता. पाइप अर्धा इंचीच. दीडेकशे रुपयांचा पाइप आणि चार एल्बो लावून त्यांचा पहिलाच पंप परत बसवला, आणि उरलेले दोन पंप आता माझ्याकडे विकायला ठेवलेत, कोणाला हवे असतील तर सांगा.

आता हळूहळू कमी झालं त्याबद्दल. विहीर जांभ्यातली असेल तर पाण्यात बऱ्याचदा लोह असतं. विहिरीतून काढताना पाणी काचेसारखं दिसतं, हवा लागली की तांबूस होतं. पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर ठेवा, सकाळी तळाला गंजाच्या रंगाची साय बसली असेल तर समजा. हेच लोह पाइपात बसतं आणि त्याच्यावर जगणारे जिवाणू केशरी-तपकिरी बुळबुळीत थर करतात. एरवीही माशांची विष्ठा, खाण्याचा चुरा, ह्यांचा चिकटा असतोच. साडेबारा मिलिमीटरच्या भोकात सगळ्या बाजूंनी फक्त एक मिलिमीटर थर चढला की भोक साडेदहा झालं, आणि घर्षण जवळजवळ अडीचपट. एक इंचीत तोच एक मिलिमीटर असता तर तुम्हाला कळलंही नसतं. म्हणून तुमच्याकडे आठ महिन्यांत धार करंगळीएवढी झाली. पंप घासून काही झालं नाही कारण घाण पंपात नव्हतीच फारशी.

मागच्या पावसाळ्यात असाच एक पाइप मी हॅकसॉने उभा चिरला. सरळ भागात पातळ थर, बोटाने पुसला तर निघणारा. पण प्रत्येक एल्बोच्या आतल्या वळणाला, जिथे पाणी वळून भिंतीला सोडतं, तिथे गाळाची जाड उशी, आणि तिसऱ्या एल्बोत जोडाच्या ठिकाणी सोल्युशनचं, म्हणजे पाइप चिकटवायच्या डिंकाचं, कडं. प्लंबरने सोल्युशन पाइपाला लावायच्या ऐवजी एल्बोच्या आत भरपूर चोपडलं होतं, ते पुढे ढकललं जाऊन आत गोल ओघळ होऊन सुकलं होतं, त्याच्यावर शेवाळ, आणि त्या शेवाळात अडकलेली एक लांबुळकी गोगलगाय, शंखासकट. उरलेल्या भोकातून खराट्याची एखादी काडी गेली असती. घरातल्या आजी बघायला आल्या, म्हणाल्या, एवढ्यातून जीव जगत होते होय!

साफ करायला माझी पद्धत अगदी गावठी आहे. नारळाचा काथ्या घ्या, पाच-सहा पदरांची घट्ट गाठ मारा, भोकात जरा दाबून जाईल एवढी. ती मासे पकडायच्या तंगुसाच्या मधोमध बांधा, दोन्हीकडे पाइपाच्या लांबीपेक्षा जास्त तंगूस ठेवा. तंगूस आधी आत घालायचा कसा, तर टोकाला स्पंजचा तुकडा बांधायचा आणि दुसऱ्या बाजूने तोंडाने ओढायचं नाही, नळाचं पाणी सोडून ढकलायचं. मग दोघांनी दोन टोकं धरून करवत ओढल्यासारखं मागेपुढे. निघणारं पाणी बघून तुम्हाला जेवण जाणार नाही. त्याच्यानंतर लिंबूसत्व, लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, तासभर पाइपात आणि पंपाच्या आत भरून ठेवा, गंज आणि क्षार दोन्ही सुटतात. स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. साबण, भांड्यांची पावडर बिलकुल नको. ब्लीचिंग वापरत असाल तर ते आणि लिंबूसत्व एकत्र कधीच येऊ देऊ नका, क्लोरीनचा वायू होतो, बंद मोरीत तर फारच वाईट. आणि हो, एकाने मला कोकमाचं आगळ चालेल का विचारलं होतं, आंबट आहे म्हणून. सोलकढीला ठेवा हो ते.

समुद्राचं पाणी वापरणाऱ्यांचं प्रकरण आणखी वेगळं, तुमचं गोडं आहे म्हणून थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावरून आणलेलं पाणी न गाळता टाकलं तर त्याच्याबरोबर डोळ्यांना न दिसणारी पिल्लं येतात, पाइपाच्या आत चिकटतात आणि कवच करून वाढतात. मालवणला एका टाकीचा पाइप उघडला तर आत पांढऱ्या वाकड्यातिकड्या नळ्यांचं जाळं, एका किड्याची घरं ती. तिथे काथ्या चालत नाही, ठोकून काढावं लागतं नाहीतर पाइपच बदलायचा.

एनआरव्हीबद्दल माझं मत ठाम आहे, काढून टाका. लाईट गेली की वरचं पाणी उलटं सम्पमध्ये येऊन जमिनीवर सांडू नये म्हणून लोक ती लावतात, हेतू चांगला. पण स्प्रिंगवाली एनआरव्ही उघडायलाच जोर लागतो, तो विहिरीच्या मोटारीकडे असतो, ह्या पंपाकडे नसतो. झडपवाली बरी, पण आपल्या लोहाच्या पाण्यात ती अर्धी उघडी राहून चिकटते, म्हणजे पाणी जातानाही अडवते आणि उलटं येतानाही सोडते, दोन्हीकडून नुकसान. त्यापेक्षा टाकीत पाणी सोडणाऱ्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडा, लाईट गेली की पाणी तेवढं खाली येतं, भोक उघडं पडतं, हवा आत जाते आणि सायफन, म्हणजे पाइपातून पाण्याची उलटी ओढ, तुटतो. पण सम्पमध्ये तेवढं पाणी मावायला जागा ठेवा, आणि एकदा मुद्दाम बटण बंद करून किती चढतं ते बघा. ते भोकही शेवाळाने बुजतं म्हणून महिन्यातून एकदा टूथपिक घाला.

पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचा लपंडाव असतो त्यामुळे ही पुढची तक्रार जूनपासून सुरू होते, "लाईट आली, पंप गुणगुणतोय, पाणी नाही." ती हवा. विहिरीच्या मोटारीने पाणी सोडलं की आपण प्राइम करतो ना, म्हणजे वरून पाणी भरून हवा काढतो, तसंच. पंपाच्या पोटात नाहीतर पाइपाच्या उलट्या यू सारख्या वळणात हवा बसते आणि एवढासा पंप ती ढकलू शकत नाही. बटण चार-पाच वेळा बंद-चालू करा, नाही गेली तर प्लग काढून पंप पाण्यातच तिरका करा, बुडबुडे निघतील. परत परत होत असेल तर पाइप असा लावा की पंपापासून वरपर्यंत चढतच जाईल, मध्ये चढ-उतार नको. आणि व्होल्टेज कमी म्हणून पाणी कमी, असं बरेच जण सांगतात, ते साध्या एसी पंपांना लागू नाही. ते विजेच्या हर्ट्झवर फिरतात, ट्यूबलाइट फडफडत असली तरी पंप फिरतोय तोवर त्याच वेगाने फिरणार. फारच कमी व्होल्टेज असेल तर सुरू होताना अडखळतो, थरथरतो, पण ती वेगळी गोष्ट. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र घरघरतो आणि तापतो, तिथे शक्यतो फक्त हवेचा पंप ठेवा.

सम्पच्या आतही एकदा नजर टाका, कारण इथे मी स्वतः फसलोय आणि ते सांगायला मला आजही लाज वाटते. माझ्या घरच्याच टाकीत पाणी कमी झालं, मी सगळं उघडलं, नवीन पंप आणला, तरी तेच. तीन दिवसांनी बायको म्हणाली, त्या कापसातून पाणी पलीकडे जातच नाहीये की. फिल्टरचा पांढरा फ्लॉस इतका भरला होता की पंपाच्या कप्प्यात पाणीच येत नव्हतं, कप्प्याची पातळी खाली, पंप हवा-पाणी मिसळून ओढतोय. सम्पमध्ये बाष्पीभवनाची घट फक्त शेवटच्या, पंपाच्या कप्प्यात दिसते, त्यामुळे उन्हाळ्यात तिथे दोन दिवस पाणी घातलं नाही तरी तेच होतं. टाकीत बारीक बारीक फेस येतोय का बघा, येत असेल तर आधी तो कप्पा.

आणि मुळात तुम्हाला किती पाणी हवंय? हे मासे कुठले आणि किती ह्यावर आहे आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. चार फूट, दीड फूट, दीड फूट धरली तर टाकी काठोकाठ २५५ लिटर, वाळू-दगड वजा केले की सव्वादोनशेच्या आत. गोड्या पाण्याला तासाला तीन ते पाच वेळा पाणी फिरलं तरी माझ्या अनुभवात पुरतं, म्हणजे सातशे ते अकराशे लिटर. गोल्डफिश किंवा मोठे सिक्लिड असतील, घाण जास्त, तर त्याहून जास्त ठेवा. एंजल, गुरामी असतील तर दोन हजारात ते बिचारे वादळातल्या छत्रीसारखे होतील, मग बॉल व्हॉल्व लावून कमी करावं लागेल. व्हॉल्व लावाल तो पूर्ण भोकाचा घ्या, स्वस्तातल्या काहींचं आतलं भोक पाइपापेक्षा बारीक असतं, दुकानातच उघडून डोळा लावून बघा. आणि प्लास्टिकचाच घ्या. विहिरीवरचा जुना पितळी कॉक पडलाय म्हणून तो लावू नका, जांभ्यातलं पाणी बऱ्याचदा मऊ आणि किंचित आंबट असतं, त्यात पितळेतलं तांबं उतरतं आणि कोळंबी-गोगलगायी आधी मरतात.

तर रविवारी असं करा. आधी प्लग काढा, मग हात घाला, हे मी प्रत्येक घरी सांगतो आणि प्रत्येक घरी कोणीतरी विसरतं. वायर प्लगच्या खाली एकदा झोका घेऊन मग वर चढवा म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये जाणार नाही, आणि घरात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर पंपाआधी तो बसवा. मग टोपण शोधा, पंप टबात मोजा. पंप चांगला निघाला तर, आणि मला वाटतं निघेल, एक इंची यूपीव्हीसी तीन मीटर आणा. पाच एल्बोंच्या जागी दोनच ठेवता आले तर बघा, काटकोनाच्या ऐवजी ४५ अंशाचे दोन लावले तर पाणी जास्त सुखाने वळतं. पंपाच्या तोंडालाच रिड्यूसर (लहान-मोठं माप जोडणारा तुकडा) लावून एक इंच करा, वर जाऊन नको. एक युनियन (फिरवून सुटणारा जोड) पंपाजवळ टाका म्हणजे पुढच्या वेळी कापाकापी नाही. पाइप कापल्यावर आतली कड ब्लेडने साफ करा, तो प्लास्टिकचा कीस इम्पेलरमध्ये जातो. सोल्युशन पाइपाच्या बाहेरून लावा, एल्बोत अगदी पुसट. पारदर्शक नळी वापरणार असाल तर पडवीच्या उजेडात महिन्याभरात हिरवी होते, जाड काळी घ्या.

जोड सुकायला ठेवाल तो सगळा वेळ टाकीत हवेचा दगड (हवेच्या पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा) चालू ठेवा आणि फिल्टरचं सिरॅमिक, ज्यात पाणी शुद्ध ठेवणारे जिवाणू राहतात ते, टाकीच्याच पाण्यात, त्या दगडाजवळ, जाळीच्या पिशवीत बांधून सोडा. सुक्या बादलीत काढून ठेवलंत तर त्यातले जिवाणू मरतील, आणि मग पुढच्या आठवड्यात तुमचा प्रश्न पंपाचा नसेल, मासे वर येऊन तोंड का मारतायत असा असेल.